कोणाबरोबर कोण

घुगेबाईंची बदली झाली परभणीला.
टेम्पोत कपाट बसलं, शिलाई मशीन बसली,
मासे बसले नाहीत.
म्हणून ती काचेची पेटी, दोन फूट बाय एक,
माझ्या पडवीत आली, दोन बादल्या जुन्या पाण्यासकट,
आणि वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं,
वर अधोरेखित: कोणाबरोबर कोण.

मी तारामुंबरीची. तीस वर्षं मासे विकले.
पेडवे वाट्यावर, बांगडे शेकड्यावर, सुरमई वजनावर.
कल्ला उचलून लाली दाखवायची,
डोळा बसला की भाव उतरवायचा.
माझ्यापुढे आलेला प्रत्येक मासा
बर्फातून आलेला होता.
आता नऊ वाजता पडवीत जाते
तर पंधरा जण काचेला तोंड लावून
माझीच वाट बघतात. कसनुसंच होतं.

पान म्हणतं:
टायगर बार्ब सहा तरी ठेवा.
दोन-तीन असले तर दुसऱ्यांचे पर कुरतडतात,
सहा असले की आपसांत भांडतात, बाकीच्यांना विसरतात.
हे मला शिकवायला नको.
लिलावाला आम्हीही सहाजणी बसायचो.

दोन एंजल. त्यांच्या झालरी लांब.
बार्बांच्या नजरेआड ठेवा, मध्ये झाडं दाट असू द्या.
मॉली चार. चिमूटभर मीठ मानवतं.
कोरी तीन, तळाशी. मिठाचं नाव काढू नका.
खाली लाल शाईत:
"तरी दोघी माझ्याकडे एकत्र आहेत. तुमच्या अंदाजाने घ्या."

अंदाजाने!
इथे खिडकीच्या गजांना मीठ, बिजागरीत मीठ,
दोरीवरच्या परकराला मीठ,
चैत्रात विहीरसुद्धा मचूळ.
तेव्हा मॉली खुशीत, पिल्लं टाकतात;
कोरी मिशा आवरून कोपऱ्यात.
मग जामसंड्याहून नळाचं पाणी आणते,
दोन कॅन, आबा मेथरच्या रिक्षातून.
"एवढां गोडा पाणी कोणाक गो?"
"पावण्यांका."
रात्रभर उघडं ठेवते, औषधाचा वास जाईपर्यंत.
लाईट गेली तर पंप थांबतो,
मी तांब्याने पाणी उचलून उंचावरून सोडते,
शंभर मोजते, पुन्हा शंभर.
पोरांसाठीसुद्धा इतकी जागले नव्हते.

दिवाळीनंतर बहिणीच्या गौरेशने
खाडीतलं काळुंदर आणलं, पिशवीत, बोटभर.
खाऱ्यातही जगतं, गोड्यातही; म्हटलं, याच्यासारखा
शेजारी कुठे मिळायचा?
पानावर त्याचं नाव नव्हतं.
पहिले आठ दिवस पंपामागे लपून होतं.
मग झाडं खायला लागलं.
कोवळी टोकं आधी, मग देठ, मग मुळं उपटून.
कोणाला चावलं नाही, धक्का मारला नाही,
फक्त मधला पडदा खाऊन टाकला.
आणि एका सकाळी बार्बांना एंजल दिसली.

दुपारपर्यंत तिच्या झालरीचा फणा उरला.

काळुंदर तोवर तळहाताएवढं झालेलं.
त्याचा काय दोष, असं मीही म्हटलं,
हातात जाळी घेऊन, बराच वेळ.
इंदू मोंडकर दारातून म्हणाली, "तळ गो, बघतंस काय?"
खाडी शंभर पावलांवर होती.
मी तळलं. रव्यात. कोकमाचं आगळ लावून.
खाताना पडवीकडे पाठ केली,
हे तेवढं खरं.

नवी झाडं लावली. एंजल खाते-पिते.

परवा घुगेबाईंचा फोन आला.
"सगळे नांदतायत ना?"
म्हटलं, हो. एकीच्या झालरीला नवीन फुटवा येतोय.
काळुंदराचं नाही सांगितलं.
सहा वर्षं माझ्या शेजारी राहून
जिने बोंबलाचा तुकडा तोंडात घातला नाही,
तिला कशाला.
मग मीच विचारलं,
"नव्या शाळेत डबा कोणाबरोबर खाता?"
पलीकडे शांत. इकडे पंपाची बुडबुड,
ती तिला ऐकू गेली असावी.
म्हणाली, "अजून बघतेय."